खांद्यावरचा हात

१६ ऑक्टोबर, नाकानो

तामाएसान,

पत्र हवापाण्यानं सुरू करावं, हे माझ्या आईनं मला लहानपणी घोटून घोटून शिकवलंय. आत्ताही शरद ऋतूवर दोन ओळी लिहून पाहिल्या आणि माझी मलाच लाज वाटली. ते राहू दे.

तुमचं पार्सल मिळालं. भिंतीवरचा तेवढा सोडून सात वर्षांत मी तुम्हा दोघींना दिलेले सगळे फोटो, पातळ कागदात गुंडाळून, तारखेनुसार लावलेले. वर तुमच्या शिवणाच्या दुकानाचा शिक्का मारलेलं कार्ड आणि त्यावर दोन ओळी : यापुढे येऊ नये, फोटोही नकोत. रागातसुद्धा तुमची घडी विस्कटत नाही. इकुयोसान असत्या तर म्हणाल्या असत्या, "बघ, हिनं भांडणालाही इस्त्री केलीय."

फोनवर तुम्ही जे बोललात ते माझ्या डोक्यातून जात नाही. इकुयोसानच्या गावी, यामागाताच्या त्या अंत्यविधीच्या सभागृहात तुम्ही तिसऱ्या रांगेत बसलात. नोंदवहीत दुकानाचा पत्ता लिहिलात आणि नात्याच्या रकान्यात नुसतं 'ओळखीची'. समोर फुलांच्या मधोमध इकुयोसानचा फोटो होता. अंगात राखाडी किमोनो. आयुष्यभर कुरिअरची गाडी चालवली आणि भाचीच्या लग्नातही पँट सोडली नाही, त्या बाईच्या अंगात. आणि डावा खांदा गुळगुळीत. तुम्ही लगेच ओळखलंत, कारण तो फोटो तुमच्याच स्वयंपाकघरातला होता, मीच काढलेला, आणि त्या खांद्यावर मुळात तुमचा हात होता.

"तो फोटो तुझ्याकडे होता आणि आमच्या भिंतीवर होता," तुम्ही म्हणालात. "भिंतीवरचा तिथेच आहे. मग त्यांना कुणी दिला?"

मी दिला नाही, तामाएसान. कुणी मागितलाही नव्हता.

तुमची ती चिठ्ठी अजून माझ्या फाइलीत आहे. आपल्यासारख्यांचे त्यांच्या स्वतःच्या घरातले फोटो काढायचं मी ठरवलं, तेव्हा प्रत्येकाकडून एक चिठ्ठी भरून घ्यायचे. किती दिसायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं : चेहरा, पाठ, हात. भाताच्या कुकरवरून भांडणारे ते दोघे व्यायामशिक्षक बेधडक 'चेहरा' म्हणाले. विसाव्या वर्षी सज्ञान होण्याच्या समारंभाला पहिल्यांदा सूट घालणाऱ्या रेननं 'पाठ' निवडली, कारण घरी अजून त्याला मुलगीच म्हणत होते. पण सूटची पाठ नीट आली पाहिजे असं त्यानं मला दोनदा बजावलं होतं. तो सूट तुम्हीच कमरेत आत घेऊन दिला होता.

तुम्ही बराच वेळ पेन धरून बसलात आणि 'हात' या चौकटीत खूण केलीत. दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम येतं, मुलींच्या आया काय म्हणतील, असं म्हणालात. इकुयोसाननी तिन्ही चौकटींत खुणा केल्या आणि मला म्हणाल्या, "हिचा चेहरा नाही मिळाला तर तुझं काही नुकसान नाही. फोटोत तो नेहमी वैतागलेलाच येतो." म्हणून माझ्या सगळ्या फोटोंत तुम्ही म्हणजे फक्त दोन हात आहात. मधल्या बोटात शिवताना घालायचं, अंगठीसारखं दिसणारं अंगुस्तान, कारण तुम्ही नेहमी शिवण अर्धवट टाकूनच उठायचात.

१९ नोव्हेंबरला, रविवार म्हणून जरा आधीच, इकुयोसानचा एकोणपन्नासावा दिवस धरलाय. त्या दिवशी अस्थी घराण्याच्या थडग्यात ठेवतील. छापील निमंत्रण नोंदवहीतल्या पत्त्यावर तुम्हालाही आलंय, आणि तुम्ही म्हणता, ज्यांनी मला पुसून टाकलं त्यांच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही. माझ्यावर राग धरा, पण जा. एकवीस वर्षं एका घरात काढल्यावर त्यांना शेवटचं ठेवताना तुम्ही तिथे नसलात, तर ते पुढे कशानंही भरून निघणार नाही.

मासुमी


२९ ऑक्टोबर, नाकानो

तामाएसान,

उत्तर आलं नाही. येईल असं मलाही वाटलं नव्हतं. काल तुमच्या दुकानावरून गेले. आत दिवा होता, मशीन चालू होतं, आणि मी दार न उघडता पुढच्या गल्लीत वळले.

मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नाही, पण खरंही पुरतं लिहिलं नाही. ते आज लिहिते.

मी पोटासाठी काय करते, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. प्रदर्शनांवर कुणाचं पोट भरत नाही. गेली सहा वर्षं मी घरी बसून गेलेल्यांचे फोटो दुरुस्त करते. माणूस गेला की घरच्यांना तासा-दोन तासांत चौकटीत लावायला एक चांगला फोटो हवा असतो, आणि बहुतेकांकडे एकट्याचा फोटोच नसतो. मग सहलीचा, लग्नाचा, नातवाच्या बारशाचा असा कुठला तरी घोळक्यातला फोटो येतो, त्यात एका चेहऱ्याभोवती लाल गोल. सोबत एक कागद. कपडे कोणते, मागचा रंग कोणता. मी बाकीची माणसं काढून टाकते. बायकोचं कोपर, बसमधल्या शेजाऱ्याचा कान, नातवाची टाळू. खांद्यावर कुणाचा तरी हात असतोच. हात काढायला मला पाच-सहा मिनिटं लागतात.

४ ऑक्टोबरला दुपारी काम उघडलं, तर समोर माझाच फोटो. तुमचं स्वयंपाकघर, मागे लोणच्याच्या बरण्या, आणि इकुयोसानच्या चेहऱ्याभोवती लाल गोल.

त्या गेल्या हे मला अशा रीतीनं कळलं. तुम्हाला फोन लावला, तुम्ही उचलला नाही. आता समजतं की तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून होतात, कारण तिथल्या कागदावर इकुयोसाननी जवळचं माणूस म्हणून भावाचं नाव लिहिलं होतं आणि निर्णय सगळे भाऊच यामागाताहून फोनवर घेत होता.

तो हात मी पुसला, तामाएसान. दुसऱ्या कुणी नाही.

फोटो पाच वाजेपर्यंत हवा होता. मी नाही म्हटलं असतं तर तो दुसऱ्या कुणाकडे गेला असता, आणि त्यानं तुमचा हात बसमधल्या शेजाऱ्यासारखा उडवला असता. त्यापेक्षा मीच करावं, असं स्वतःला सांगितलं. उजव्या खांद्याचं कापड उलटं करून डाव्यावर घातलं. एकेक बोट घेतलं. अंगुस्तान शेवटी. पाच मिनिटांच्या कामाला मला पाऊण तास लागला. मग किमोनो चढवला.

कागदावर असतं तसं मी केलं. तुमचा राग माझ्यावर आहे तो योग्यच आहे, कारण मात्र तुम्हाला ठाऊक होतं ते नव्हे. आता ठाऊक झालं.

मासुमी


८ नोव्हेंबर, नाकानो

तामाएसान,

'कागदावर असतं तसं मी केलं' हे मागच्या पत्रातलं वाक्य खोटं होतं. ते वाक्य टाकलं आणि आठवडाभर मला जेवण गेलं नाही. म्हणून रविवारी गाडीत बसले आणि यामागाताला जाऊन आले. आता जे लिहिते ते शेवटपर्यंत वाचा. मग हवं तर फाडा.

त्या कागदाच्या खाली 'इतर सूचना' असा एक रकाना असतो. तो जवळजवळ नेहमी कोराच असतो. त्या दिवशी त्यात थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं : खांद्यावरचा हात काढू नये. खाली सही, मृताची आई.

मी ते वाचलं. नजरेतून सुटलं असं म्हणायची सोय नाही. वाचलं, आणि अंत्यविधीच्या कंपनीला फोन केला. तिकडचा माणूस घाईत होता. तो म्हणाला, "हात? हात काढतातच की. उद्या गर्दीत कुणी विचारलं हा कुणाचा, तर घरच्यांनाच अवघड होईल. नेहमीसारखं करा."

मी म्हणू शकले असते की नाही, आईनं लिहिलंय तसंच होईल. त्यांच्या घरी फोन लावता आला असता. पण मी "बरं" म्हटलं. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

का, ते सांगते. मी दर नववर्षाला वडिलांकडे जाताना फोनमधले अर्धे फोटो दुसरीकडे हलवून ठेवते. बारा वर्षं ज्या बाईबरोबर राहिले तिला त्यांच्यापुढे 'भाडं वाटून घेणारी' म्हणत आले. ती गेली सोडून, शेवटी त्याच शब्दाला कंटाळून. कुणी विचारेल याची भीती माझ्या बोटांत इतकी मुरलीय, की एक म्हातारी राहू द्या म्हणत होती तरी मी पुसून मोकळी झाले. आपल्या लोकांचे फोटो काढते म्हणून मिरवणारी मी.

आता त्या म्हातारीबद्दल.

फुमी त्यांचं नाव, वय अठ्ठ्याऐंशी. ओसरीवर पर्सिमनचा ढीग घेऊन सोलत बसल्या होत्या. सोललेली फळं दोरीला बांधून वळचणीला टांगलेली. मी हात असलेला नवा फोटो मोठा छापून नेला होता. गुडघे टेकले, डोकं जमिनीला लावलं आणि काय केलं ते सांगितलं. त्यांची बोली जाड, मला अर्धीच कळत होती, पण त्या ओरडल्या नाहीत. फोटो हातात घेतला, एप्रनला हात पुसून पुन्हा घेतला.

मग आत जाऊन देव्हाऱ्याच्या खणातून एक पाकीट घेऊन आल्या. चार वर्षांपूर्वीचं, इकुयोसानच्या अक्षरातलं. त्यात तोच फोटो. भिंतीवरच्या फोटोची एक प्रत इकुयोसाननी माझ्याकडून मागून घेतली होती, 'गाडीत लावायला' म्हणून. मी विसरूनही गेले होते. पत्र मला वाचायला दिलं. त्यात चारच ओळी होत्या : आई, हा हात ज्या बाईचा आहे तिच्याबरोबर मी सतरा वर्षं राहते आहे. तिला चेहरा दाखवायला आवडत नाही. मी सुखात आहे. तिला हे पत्र पाठवल्याचं सांगितलेलं नाही, ती घाबरेल.

म्हणजे फोटो इकुयोसाननीच दिला होता, तामाएसान. त्यांनी तुमच्याबद्दल घरी सांगितलं होतं, आणि तुम्ही घाबराल म्हणून तुमच्यापासून लपवलं होतं.

दर डिसेंबरला यामागाताहून सुक्या पर्सिमनची पेटी यायची, आठवतं? "एकट्या पोरीला कुणी एवढी पाठवतं का, त्या बाईला काही हिशेबच नाही," असं तुम्ही पुटपुटायचात आणि अर्धी गल्लीत वाटायचात. गेली चार वर्षं ती पेटी दोघींसाठी भरलेली असायची. पत्राचं उत्तर म्हातारीनं तसं दिलं होतं.

मी विचारलं, सभागृहात फोटो पाहिल्यावर तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत? त्या म्हणाल्या, "मी लिवून दिलं व्हतं. फोटो आला तो बिनहाताचा. म्हटलं, शहानी मानसं हायेत, असं बरं दिसत नसंल म्हनून काढला असंल. भरल्या सभेत कुनाला विचारू?"

मग सोलणं पुन्हा सुरू करत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पर मी तिला हुडकत व्हते. तोंड कुठं ठावं हाय मला? धूप घालाय आलेल्या एकेका बाईचे हात बगत बसले. ती आलीच न्हाई का गं?"

मी म्हटलं, "आल्या होत्या. तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या."

त्यांनी सुरी खाली ठेवली.

तुम्ही त्या दिवशी अंगुस्तान काढून ठेवलं असणार, आणि हातांत जपमाळ. त्या म्हातारीसमोरून तुम्ही गेलात, तिनं तुमच्या हातांकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. फोटोत हात असता तर निदान तुम्हाला कळलं असतं की या घरात तुमची वाट बघतायत, आणि तुम्ही होऊन पुढे झाला असतात. ते माझ्यामुळे झालं नाही. क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागते.

निघताना त्यांनी विचारलं, "ती अंगठी इकुयोनं दिल्याली का?" मी हो म्हणून टाकलं. ते अंगुस्तान आहे हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. ते तुम्ही सांगा, किंवा सांगू नका.

त्यांचा निरोप असा : १९ तारखेला दहाच्या गाडीला तोशिकाझु, म्हणजे इकुयोसानचा भाऊ, स्टेशनवर उभा राहील. तो माणूस अबोल आहे, माझ्याशी तर फक्त बुटांबद्दल बोलला, पण वाईट नाही. तुमचा चेहरा त्यालाही माहीत नाही. तेव्हा अंगठी घालून ये म्हणावं, असं आई म्हणाल्या.

मासुमी


१३ नोव्हेंबर, नाकानो

तामाएसान,

सोबत तुमची चिठ्ठी परत पाठवते आहे, 'हात' वर खूण केलेली. मी ती पाळली नाही, तेव्हा ती माझ्याकडे असायला नको. सोबत हाताचा नवा फोटोही आहे. चौकटीत आता हाच बसवलाय, आईंनी त्याच दिवशी माझ्यादेखत बदलून घेतला. किमोनो मात्र तसाच राहू दिलाय. अगदी तसाच त्यांच्या स्वतःच्या लग्नात होता असं कळलं. निदान एकदा तरी लेकीनं नेसावा, म्हणून त्यांनी कागदावर तो सांगितला होता.

मी १९ तारखेला येणार नाही. कॅमेरा घेऊन तर नाहीच. तिकडे थंडी पडलीय, गरम कपडे घ्या.

मासुमी


२६ नोव्हेंबर, नाकानो

तामाएसान,

स्टेशनापुढची गिंकोची झाडं पिवळी झालीत आणि रस्ता झाडणारे आजोबा सकाळपासून वैतागलेत. बघा, आज हवेबद्दल लिहिता आलं.

तुमच्याकडून पत्र नाही. पण काल यामागाताहून एक पाकीट आलं. पत्ता तोशिकाझुच्या अक्षरात, चौकोनी, सरकारी अर्जासारखा. आत दुकानातल्या मशीनवर छापलेला एक फोटो.

थडग्यासमोर आई खुर्चीत बसल्यात. मागे तुम्ही उभ्या आहात. अख्ख्या. सात वर्षांत मला मिळाला नाही तो चेहरा त्या माणसानं पहिल्याच झटक्यात घेतलाय, तोही उन्हाकडे तोंड करून, क्षितिज तिरकं, तुमचे डोळे अर्धे मिटलेले. इकुयोसान खरं सांगायच्या. वैतागलेलाच येतो. पण रडून लाल झालेला वैताग मी कधी पाहिला नव्हता. तुमचा हात आईंच्या खांद्यावर आहे आणि त्यांनी तो वरून धरून ठेवलाय, त्यामुळे अंगुस्तान दिसत नाही. त्यांना सांगितलंत की नाही, ते मला कळायला मार्ग नाही.

पाकिटात तुमची चिठ्ठीही होती. म्हणजे तुम्ही ती सोबत नेली होतीत. 'चेहरा' या चौकटीत नवी खूण आहे, शिवणकामाच्या निळ्या खडूची, जरा पुसट झालेली. बाकी एक अक्षर नाही. मी ती हातात घेऊन जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, बरं वाटतंय.

भावाची चार ओळींची चिठ्ठी वेगळी आहे. ते लिहितात की एवढ्या दिवसांची ही पहिलीच चांगली वेळ, आणि त्यांच्या हातून फोटो बिघडला. कोपऱ्यात, तुमच्या शेजारी, त्यांचं बोट आलंय. माझ्या कामात अशा गोष्टी काढून टाकता येतात असं आईंनी सांगितलं, तरी कृपा करून तेवढं बोट काढून द्यावं.

फोटो मोठा छापायला टाकलाय. तीन प्रती. एक आईंना, एक तुमच्या भिंतीवर त्या दुसऱ्या फोटोशेजारी लावायला, आणि एक मी ठेवते, तुमची परवानगी आहे असं धरून. भावाला मी आजच कळवलंय, बोट राहील.

मासुमी